सुपारीच्या डबीतल्या गोळ्या आणि कडक कायद्याचे शहर

प्रश्न असा होता : अमेरिकेत डॉक्टरांनी रीतसर लिहून दिलेली गोळी आखातातल्या एखाद्या श्रीमंत शहरात दोन दिवसांसाठी नेता येते का? सबनीस काकांनी (नाव अर्थातच बदलले आहे) मला हे विचारलेच नव्हते. त्यांनी विचारले होते, "मेधा, या सगळ्या गोळ्या एका डबीत मावतील ना?"

मी अमेरिकेतल्या शुगर लँड या गावात फार्मसिस्ट आहे. काउंटरपलीकडे काका उभे होते आणि मी नुकत्याच दिलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या माझ्यादेखत सुपारीच्या पितळी डबीत ओतत होते. काका तेल कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. शेजारी काकू. त्यांच्या भाचीचे पुण्यात लग्न होते आणि वाटेत आखातात दोन दिवसांचा मुक्काम.

"काय शहर आहे! कॉफीवर सोन्याचा वर्ख लावून देतात," काका म्हणाले.

"चव कशी असते?"

"चव कोण बघतं? फोटो काढायचा."

दमट उकाडा, रुंद हायवे, गारठवणारे मॉल आणि तेलाच्या पैशावर उभी राहिलेली घरे, म्हणजे स्वतःच्या गावात आहे तेच सारे, पाहण्यासाठी शुगर लँडच्या माणसाने अर्धी पृथ्वी ओलांडावी, याचे मला नेहमीच कुतूहल वाटते. काकांना मात्र खरे आकर्षण तिथल्या कायद्याचे होते.

"तिथे रूल म्हणजे रूल. गडबड केली की थेट आत. ओळख नाही, वशिला नाही. आपल्या लोकांना असाच धाक पाहिजे!"

मी आवाज खाली आणला. "काका, तुमच्या डबीत ट्रॅमाडॉल आहे."

ट्रॅमाडॉल हे तीव्र वेदनेवरचे औषध. ते ओपिऑइड गटात, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या वेदनाशामकांत मोडते. त्याची सवय लागू शकते, म्हणून त्याच्या विक्रीवर सरकारचे नियंत्रण असते. इथे डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. काही देशांत ती पुरत नाही. त्या शहराचा नियम मलाही पाठ नव्हता. मी तिथल्या आरोग्य खात्याचे पान उघडले आणि स्क्रीन काकांकडे वळवली. औषधाचे नाव यादीत होते. प्रवासापूर्वी परवानगी हवी, सोबत डॉक्टरांचे पत्र हवे, आणि औषध मूळ पॅकिंगमध्येच हवे.

"अगं, पण मी टुरिस्ट आहे!"

"टुरिस्टांसाठीच लिहिलंय ते."

"दोन दिवसांसाठी कोण चेक करतंय?"

"तिथे सगळं चेक करतात म्हणून तर तुम्हाला आवडतं ना?"

काकांनी डबीचे झाकण लावले. "पकडलंच तर एक्स्प्लेन करू. माझ्या साडूचा मित्र तिथे मोठ्या पोस्टवर आहे."

"म्हणजे वशिला," काकू पहिल्यांदाच बोलल्या.

विमान परवाचे होते. पत्र मिळवून, अर्ज करून तोवर उत्तर हाती येईल, अशी खात्री मी देऊ शकत नव्हते. तसे मी सांगितले.

"मग व्हिटॅमिनच्या बाटलीत टाकतो. पांढऱ्याच तर आहेत."

"टाका," काकू म्हणाल्या. "पण तुम्हाला आत टाकलं तर मी थांबणार नाही हं. पोरीची एकुलती एक आत्या आहे मी. रिटर्न फ्लाइट त्याच वाटेनं आहे, तेव्हा बघू सोडतात का."

काकांनी डबीतून ट्रॅमाडॉलच्या गोळ्या वेगळ्या काढून माझ्याकडे सरकवल्या. "जाऊ दे. तूच ठेव."

"दिलेलं औषध आम्हाला परत घेता येत नाही, काका. घरी कुलपात ठेवा."

मी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. काका ही गोळी रोज घेत नसत. पाठीचे दुखणे असह्य झाले तरच घेत. त्यामुळे तिच्याशिवाय प्रवास करायला डॉक्टरांची हरकत नव्हती. त्यांनी साधे पॅरासिटामॉल, ज्याला इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात ते, आणि पाठीवर चिकटवायचे लिडोकेनचे पॅच सुचवले. ही दोन्ही आणि काकांच्या बाकीच्या औषधांची नावे त्याच यादीत शोधून, ती तिथे नाहीत हे पाहून, मी खोकी सीलबंद दिली आणि बाकीच्या गोळ्या लेबलच्या बाटल्यांत परत भरायला लावल्या.

परत आल्यावर दोघे पुन्हा काउंटरवर आले. कस्टम्सवाल्यांनी काकांची बॅग खरोखरच उघडली होती. अधिकाऱ्याने पॅचचे खोके उलटसुलट करून लेबल वाचले आणि परत ठेवले. दुसऱ्या दिवशी काकांची पाठ धरली. तो जगप्रसिद्ध उंच टॉवर त्यांनी मॉलच्या व्हीलचेअरमधून, खालून पाहिला.

"मंगलाष्टकांना मात्र आम्ही दोघंही वेळेवर," काकू म्हणाल्या.

काका अजून धुसफुसत होते. "रूल्स जरा अतीच आहेत यार तिथले. माणूस बघून तरी लावावेत!"

कडक कायदा लांबून फार देखणा दिसतो, एवढे यातून मी शिकले. फार्मसीपुरता धडा याहून साधा आहे : लेबल असलेल्या बाटलीतून गोळी बाहेर काढली की ती कशाची, हे परक्या माणसाला तुमच्या शब्दावरच मानावे लागते; आणि विमानतळावर तुमच्या शब्दाला किंमत नसते.

माझ्याही शब्दावर विसंबू नका. अशा याद्या देशागणिक वेगळ्या असतात आणि बदलतात. ज्या देशात उतरणार, त्याच्या आरोग्य खात्याच्या पानावर तुमच्या औषधाचे नाव, ब्रँडचे नव्हे तर आतल्या घटकाचे, तिकीट काढण्याआधी कृपया स्वतः तपासून पाहा.