सेवेत असताना मृत्यू

सॉफ्टवेअर कन्सल्टंट म्हणजे काय, हे मला आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. कारखान्याचं कागदावरचं काम कॉम्प्युटरवर आणायचं आणि आणल्यावर तिथल्या लोकांच्या शिव्या खायच्या, एवढं तिला कळलं होतं, आणि ते फारसं चूक नव्हतं. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी पुण्याच्या एका कंपनीत होतो. नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात पगाराची नवी सिस्टिम बसवायचं काम माझ्याकडे आलं. घर नाशिकरोडला, डबा घरचा, त्यामुळे हॉटेलात राहणारे माझे सहकारी माझ्यावर जळत.

सिस्टिम सुरू करण्याआधी तिची चाचणी घ्यावी लागते. त्यासाठी आम्ही पगाराची एक वेगळी नक्कल केली होती. तिच्यात काहीही केलं तरी खऱ्या पगाराला धक्का लागत नसे. कुणाला बढती द्यायची, कुणाला बिनपगारी रजेवर पाठवायचं, आणि आकडे बरोबर येतात का ते बघायचं. अशा प्रत्येक प्रसंगाला आम्ही ‘केस’ म्हणत असू. काल्पनिक माणूस चालत नसे. ताळा घ्यायला कुणाची तरी खरी नोकरी लागायची. लोक हौसेने आपला नंबर देत. टाइमकीपरने तर स्वतःला मॅनेजर करून घेतलं आणि स्क्रीनवरचा पगार बघून सगळ्यांना चहा पाजला.

मग ‘सेवेत असताना मृत्यू’ ही केस आली आणि खोलीतल्या सगळ्यांना एकदम कामं आठवली.

टाइमकीपरच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. पर्सोनेल मॅनेजर एरवी अंधश्रद्धेवर तावातावाने बोलायचे. ते म्हणाले, “माझी ग्रेड वेगळी पडते, तुम्हाला उपयोग नाही.” मी वैतागलो. अहो, ही नक्कल आहे, इथे कुणी मरत नाही, असं जरा चढ्या आवाजातच म्हणालो. कुणी मान वर केली नाही.

“माझ्या ह्यांचा नंबर घ्या,” पगार विभागातल्या वहिनी म्हणाल्या. “ते तर खरंच गेलेत. त्यांना आता काय व्हायचं हाय?”

त्यांचे यजमान याच कारखान्यात मशीनवर होते, म्हणून सगळे त्यांना वहिनी म्हणत. ते नोकरीत असतानाच आजारपणात गेले, आणि त्यांच्या जागी कंपनीने वहिनींना ऑफिसात घेतलं. मूळच्या सायखेड्याच्या. पगार विभागातर्फे सगळ्या केसेस स्वतःच्या हाताने करून बघायच्या, ही जबाबदारी त्यांच्यावर होती.

मला ती सूचना फारच सोयीची वाटली. त्यांच्या यजमानांच्या जुन्या हिशेबाशी ताळाही घेता येणार होता. अडचण एकच होती. सिस्टिममध्ये मृत्यू दाखवायचा तर माणूस आधी नोकरीवर असावा लागतो. तेव्हा वहिनींनी आपल्या नवऱ्याला परत कामावर घेतलं. नाव, जन्मतारीख, खातं, रुजू झाल्याची तारीख. पत्नीच्या नावापाशी त्या जरा थांबल्या आणि मग आपलं नाव टाइप केलं.

नोकरीवर घेतलाच आहे तर त्याच्यावर बाकीच्या केसेसही करून घेऊ, असं मीच म्हणालो. वहिनी सकाळी आल्या आल्या यजमानांची हजेरी लावू लागल्या. रात्रपाळीचा भत्ता तपासायचा होता, तेव्हा म्हणाल्या, “रातपाळी एकच लावते, सर. त्यांना नाय सोसायची.” हक्काची रजा टाकली तेव्हा टाइमकीपरने विचारलं, कुठे पाठवलं? “गावाला. कांदे काढायला,” वहिनी म्हणाल्या. सगळे हसले, त्याही हसल्या. पुढे त्यांनी यजमानांना बढती दिली, आणि त्या दिवशी घरून सगळ्यांसाठी लाडू आणले.

मृत्यूची केस मात्र रोज उद्यावर जात होती. पर्सोनेल मॅनेजर येता-जाता मला विचारायचे. एकही केस बाकी असेल तर सिस्टिम सुरू करता येणार नव्हती. शेवटी मी वहिनींना म्हणालो, तुम्ही जेवून या, तोवर मी ती उरकतो.

“नाय सर. ज्याचं काम त्यानंच करायचं, असं तुम्हीच सांगितलंय.”

सांगितलं होतं खरं. मला त्यांचा राग यायचा, आणि राग येतो याची लाज वाटायची. घरी कुणाला हे सांगण्यासारखं नव्हतं. डबा तसाच परत गेला की आई विचारायची, काम फार आहे का? मी हो म्हणायचो.

मुदत संपायच्या दिवशी दोनच केसेस उरल्या होत्या, निवृत्ती आणि मृत्यू. वहिनी माझ्याआधीच येऊन बसल्या होत्या. मी शेजारी खुर्ची ओढली. त्यांनी सिस्टिमची तारीख कितीतरी वर्षं पुढे नेली आणि यजमानांना अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा, सगळं कॅल्क्युलेटरवर पडताळून बघितलं. बरोबर आलं.

“रिटायर झाले,” त्या म्हणाल्या.

“आणि दुसरी केस?” मी विचारलं. आता यजमान नोकरीत उरले नव्हते, म्हणजे मलाच कुणाचे तरी पाय धरावे लागणार होते.

वहिनींनी सिस्टिमची तारीख पुन्हा आजची केली आणि एक नंबर टाइप केला. तो त्यांचा स्वतःचा होता.

“वहिनी, अहो, राहू द्या,” मी म्हणालो. “दुसरा कुणीतरी बघू.”

“त्यांचं एकदा झालंय, सर. परत कशाला?”

त्यांनी मृत्यूची तारीख भरली. सिस्टिम पुढच्या रकान्यावर गेली. तिथे वारसाचं नाव हवं होतं. त्याशिवाय हिशेब पुढे सरकत नसे.

“वारस कोण लावायचा?” मी विचारलं.

“हे आहेत की,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी यजमानांचं नाव भरलं.