रुमालाखालचा भाव

रायभानचा बाप मेंढरं विकायचा. रायभान जुन्या जीपा विकायचा. सौदा मात्र दोघांचा सारखाच, रुमालाखाली. दलालाचा हात धरायचा, वर रुमाल टाकायचा, बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला नुसतं हलणारं कापड दिसतं.

जालन्यात भोकरदन नाक्याजवळ त्याचा प्लॉट होता. शहाण्णव साली मराठी घेऊन मी बी.ए. झालो होतो आणि रिकामा होतो. तिथं जाऊन बसायचो. नोकरी नसतानाही तो मला मास्तर म्हणायचा.

भाव कसा ठरवतोस, मी एकदा विचारलं.

“गाडी नंतर बघायची, मास्तर. आधी गिऱ्हाईक. मिस्त्री संगं आणला तर मिस्त्रीचे पैसे भावात धरायचे. बायको आणली अन् ती शिटावर हात फिरवून राह्यली, तर भाव उतरवायचाच न्हाई.”

“म्हणजे नफाच नफा.”

“नफा कुठाय? रंग, टायर, कागदांचा खर्चा. गाडी सहा म्हैने पडून ऱ्हाती, त्या जागेचं भाडं कोण देतं?”

“आणि गाडीत खोट असली तर?”

“माल जुना, डोळे घेणाराचे. दलालानं विचारलं तर सांगायचं. न्हाई विचारलं तर न्हाई.”

तेव्हा मला हसू आलं होतं.

दिवाळीआधी त्यानं एक निळी जीप विकली. ती शहागडजवळ ट्रकवर आदळलेली. गाडीचा खालचा सांगाडा, चेसी, मधोमध तुटली होती. ती वेल्डिंग करून जोडली, वर काळा रंग मारला. दलालानं विचारलं नाही. गिऱ्हाईक समोर आलंच नव्हतं; ते जाफराबादकडचं आहे, एवढंच दलाल म्हणाला.

गाडी न्यायला गिऱ्हाईक आलं, तो रायभानचा मेव्हणा निघाला, पुंजाराम. मागं रायभानची धाकटी बहीण आसराबाई. हातात नारळ आणि कुंकवाची डबी.

रायभान उठला. पुन्हा बसला.

“दाजी, तुम्ही? सरळ माझ्याकडं का न्हाई आले?”

“नात्यात भाव करता येतो व्हय, पाव्हणं? तुम्ही म्हणले असते, द्या काय द्यायचं ते. मंग मला जास्तच द्यावं लागलं असतं.” पुंजाराम खुशीत होता. “सगळी मेंढरं विकली. आता भोकरदन-जाफराबाद शिटा भरायच्या.”

“ही गाडी नेऊ नका. चेसी जोडलेली हाय. भरल्या गाडीत दगा देईल.”

पुंजारामनं त्याच्याकडं बघितलं आणि हसला. “दलाल म्हणलाच व्हता. स्वस्तात गेली म्हणून रायभान रडंल.”

“पैसे परत घ्या. वरून पाच हजार देतो.”

“बघितलं का?” पुंजाराम बायकोला म्हणाला. “पाच वर देऊन राह्यले. म्हंजे दहाचा तरी फायदा हाय.”

रायभान जीपखाली शिरला. पान्ह्यानं रंग खरवडला. जोड उघडा पडला. पुंजारामनं वाकून बघितला.

“जोड मूळच्यापेक्षा पक्का ऱ्हातो, असं तुम्हीच मागं एका परतूरच्या गिऱ्हाइकाला सांगितलं व्हतं. मी इथंच बसल्तो की.”

मीही तिथंच होतो. रायभान तसं म्हणाला होता.

“मास्तर, तू शिकलेला. तू सांग यांना.”

मी सांगितलं.

“तुम्ही यांच्याच प्लॉटवर बसता ना?” पुंजारामनं अदबीनं विचारलं.



“आसरे, तू तरी ऐक,” रायभान म्हणाला.

ती भावाकडं बघत राहिली. “दादा, ही गाडी दुसऱ्या कुणाला दिली असती का तू?”

त्यानं हातातला पान्हा खाली ठेवला.

“दिली असती.”

“मंग आम्हालाच का न्हाई?”

तिनं बॉनेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, एक तुकडा भावाच्या हातात ठेवला. दुसरा मला दिला.

जीप नाक्यावर जाऊन थांबली. पुंजारामनं खिडकीतून हाळी दिली, “भोकरदन, जाफराबाद!” माणसं धावली. बाया, गाठोडी, पोरं. आम्ही प्लॉटच्या दारात उभे होतो. एकेक माणूस आत चढत होतं आणि जीपचा मागचा भाग थोडाथोडा खाली बसत होता.