छत्तीसातली एक फरशी

हे लिहिण्याचा माझा अधिकार किती, ते मला नीट माहीत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. अमूर्त चित्रांवर लिहावं एवढं माझं वाचन नाही. पण त्या प्रदर्शनात जी चूक झाली ती आमच्या घरातून झाली, तेव्हा ती मीच सांगितलेली बरी.

हर्सूलकडे जाणाऱ्या रस्त्याला, आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका मॅडमचं घर आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या त्यांनी गॅलरीसाठी मोकळ्या केल्यात. पांढऱ्या भिंती, खाली जुनी शहाबादी. तिथं फक्त भौमितिक कामं लागतात. चौकोन, त्रिकोण, पट्टे, बस. दरवर्षी मॅडम परदेशातल्या अशाच एखाद्या लहान गॅलरीशी अदलाबदल करतात. त्यांची बारा कामं इथं, आपली बारा तिथं. यंदा पोलंड होतं आणि आपल्या बारांत एक चित्र माझं होतं. माझं काही शहराबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ.

चित्र कशाचं, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, फरशी बसवतात. फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर शहरात येतात. सुट्ट्यांत मी त्यांच्या हाताखाली असायचो. फरशी आधी सिमेंटशिवाय कोरडी मांडायची, दारात उभं राहून रेघ बघायची, गुण्या लावून काटकोन तपासायचा आणि कापलेले तुकडे पलंगाखाली झाकले जातील असे मागच्या भिंतीला न्यायचे, ही त्यांची पद्धत. माझ्या चित्रात मी ते कापलेले तुकडे मधोमध आणले होते. आप्पांनी ते बराच वेळ पाहिलं. "तुकडे दारात मांडले व्हय?" एवढंच विचारलं आणि जेवायला बसले. आवडलं की नाही, ते मला कळलं नाही.

पोलंडहून आलेल्या कामांपैकी एक जमिनीवर मांडायचं होतं. तिथली गॅलरी चालवणाऱ्या एका वयस्कर बाईंनी स्वतः भाजलेल्या छत्तीस फरशा, काळ्या आणि पांढऱ्या, तळहाताएवढ्या. सोबत कागदावर आखलेली मांडणी. सहा ओळी, सगळं काटेकोर सरळ, फक्त तिसऱ्या ओळीतली एक पांढरी फरशी जराशी तिरपी. मॅडमनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी अर्धा दिवस गुडघ्यांवर रांगत होतो. ती एक तिरपी ठेवताना माझा हात सारखा तिला सरळ करायला जायचा. मॅडम म्हणाल्या, "राहू दे तशीच. तिच्यामुळं बाकीच्या पस्तीस दिसतात."

उद्घाटनाला आप्पांना मी बोलावलं होतं. ते येतील असं वाटलं नव्हतं. पण आले, थेट कामावरून, हातात हत्यारांची पिशवी. आम्ही सगळे अंगणात चहा घेत होतो. चहा नको म्हणाले आणि आत जाऊन एकटेच चित्रं बघत राहिले. मला फार बरं वाटलं. जाताना चेहऱ्यावर समाधान होतं, तेही मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत झाडू मारताना थबकलो. छत्तीसच्या छत्तीस फरशा सरळ होत्या. मी ती पांढरी बोटानं सरकवायला गेलो, तर ती हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना. कडेला व्हाइट सिमेंटची बारीक रेघ होती, सुबक पुसून घेतलेली.

आप्पांना फोन लावला. ते खूश होते. "एक सरकली होती रे. बसवली. आता हत्ती गेला तरी हलायची नाय."

मॅडमना सांगताना मला घाम फुटला. त्यांनी ऐकलं, स्टुलावर बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसावे लागेपर्यंत हसल्या. दुपारी आप्पा काम टाकून आले. मी कागदावरची मांडणी दाखवली. त्यांनी कागद फिरवून फिरवून पाहिला.

"म्हंजे मुद्दाम वाकडी?"

"हो आप्पा."

"अन् मी लई शहाणा."

ते लगेच पिशवीतून पातळ पत्रा काढून फरशी उचलायला बसले. मॅडमनी थांबवलं. काम त्या बाईंचं आहे, तेव्हा आधी त्यांना विचारायचं, आणि पत्र मी लिहायचं असं त्यांनी ठरवलं.

माझं इंग्रजी बेताचं. चार ओळींना संध्याकाळ लागली. वडील फरशीकाम करतात, त्यांनी तुमची फरशी सरळ केली आणि सिमेंटनं बसवली, माफ करा, असं लिहिलं. फोटो जोडून मॅडमच्या ईमेलवरून पाठवलं. पाठवल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. तिकडचं प्रदर्शन अजून उघडायचं होतं, माझं चित्र त्यांच्याकडे गुंडाळलेलंच असणार. बाई चिडल्या तर ते भिंतीवर जायचं कशाला?

दिवस जात राहिले. वर्गातला एक मित्र रोज विचारायचा, "तुझ्या आप्पांनी पोलंड सरळ केलं का रे?" मी हसायचो, दुसरं काय करणार. आप्पांचा प्रश्न वेगळा होता. घरी आले की हातपाय धुण्याआधी विचारायचे, "काय आलं का तिकडून?" नाही म्हटलं की मोरीकडं वळायचे. माझं चित्र आपल्यापायी अडकलं असं त्यांना वाटत होतं. माझ्या मनातही तेच होतं, म्हणून त्यांची समजूतही घालता येईना.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आप्पा फरशी काढायला आलेच होते, तेवढ्यात मॅडमनी फोन पुढं करून मला उत्तर वाचायला लावलं. बाईंनी लिहिलं होतं की आजवर त्यांच्या फरशांना हात लावायला सगळे घाबरत आले, ती तिरपी फरशी सरळ मात्र कुणीच केली नव्हती. मिस्त्रींनी ती स्वतःच्याच हातांनी उचलावी, पण मागचं सिमेंट खरवडू नये, तसंच परत पाठवावं. मी मराठीत सांगितलं. आप्पांनी हातातला पातळ पत्रा खाली ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या चित्राचं काय म्हनती?"

शेवटच्या ओळीत ते होतं. प्रदर्शन उघडलं होतं आणि माझं चित्र खिडकीशेजारी लागलं होतं. खाली फोटो होता. आप्पांनी फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, वरची कड बघितली, खालची बघितली.

"सरळ लावलंय," ते म्हणाले. "त्यांच्याकडं बी गुण्या असंल."