सगुण टाइमकीपरचा हिशेब

हळर्णच्या सगुणने उभा जन्म पेडण्याच्या स्टँडावर टाइमकीपर म्हणून काढला. कुठली बस म्हापशाला कधी टेकणार, झोपेतून उठवून विचारा. मुलगा सुधीर टोरांटोहून येणार म्हटल्यावर त्याचं तिकीट त्याने दुसऱ्या कुणाला बघूच दिलं नाही. विमान म्हणजे काय, पंखांची बस! शनिवारी रात्री नऊला सुटणार, दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. तिथून गोव्याचा मोपा विमानतळ. रविवारी तीनच्या आत पोरगा पानावर! तिकिटावरचं पुढचं वाचायची त्याला गरज वाटली नाही.

सुधीर चार वर्षांनी येत होता, आणि सोमवारी रात्रीच कंपनीच्या कामाला बंगळुरूला जाणार होता. फोनवर त्याने एकच मागितलं होतं, आईच्या हातचं इसवणाचं हुमण, म्हणजे सुरमईची नारळातली आमटी. देवकीच्या घरात सोमवारी मासळीचं भांडंसुद्धा कुणी हलवत नाही, म्हणून तिने नवऱ्याला तीनतीनदा विचारलं, रविवारच ना नक्की? सगुण उखडला. वेळ कुणाला शिकवतेस, म्हणाला.

रविवारी मोप्याला दिल्लीचं विमान आलं, माणसं संपली, सुधीर नाही. फोन बंद. शेवटी टॅक्सीवाल्या अनिलने तिकीट वाचलं आणि हसू दाबत सांगितलं की टोरांटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. पोरगा अजून हवेत आहे, रात्री दिल्लीला उतरून उद्या सकाळी इथे पोचेल.

उद्या म्हणजे सोमवार. गाव हसण्याआधी सगुणनेच तिठ्यावर सांगून टाकलं, की जन्मभर गाड्या लेट म्हणून ओरडलो. आज गाडी वेळेवर होती, गाढवच आधी पोचलं. सगळे हसले. घरी देवकीने मात्र हुमणाचं भांडं झाकून फ्रीजमध्ये सरकवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं सगुणला झालं.

सोमवारी साडेनऊला सुधीर घरी आला. पानात खतखतं होतं, नुसत्या भाज्यांचं. त्याने एकदा चुलीकडे बघितलं आणि मनगटावरचं घड्याळ इथल्या वेळेला लावायला घेतलं. देवकीने विचारलं, त्यात किती वाजलेत? रात्रीचे अकरा, तो म्हणाला, रविवारचे.

देवकी आत गेली, तिने फ्रीज उघडून हुमण गरम केलं, आणि घरभर कोकमाचा, खोबऱ्याचा वास सुटला.

"घड्याळ फिरवू नको, पुता," ती वाढताना म्हणाली. "तुझा अजून रविवार आहे. आधी जेव."

सगुणनेही हळूच पान पुढे केलं. तिने त्यात खतखतं वाढलं.

"तुम्ही कालच पोचलात."

सगुण निमूट खतखतं खाऊ लागला. सुधीर बोटं चाटत होता आणि देवकी त्याच्यासमोर बसून डोळे पुसत होती. सगुणची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. रात्रीची बंगळुरूची गाडी लेट होऊ दे, असं त्या टाइमकीपरला जन्मात पहिल्यांदा वाटलं.