गाडी चिंचेखाली लावा

जावयाला ओवाळायला आणलेलं निरांजन त्याच्याच तोंडासमोर फुंकून विझवणारी सासू आमच्या पवनारात आजवर एकच झाली. ती मी.

पण याचं मूळ आमच्या मास्तरांत आहे. मास्तर म्हणजे माझे यजमान, सायन्सचे रिटायर्ड शिक्षक. त्यांची जुनी स्कूटर चाळीस किका मारल्याशिवाय बोलत नाही, म्हणून नवी गाडी घ्यायची असं दोन वर्षांपासून ठरलंय. घेतली मात्र नाही, कारण मास्तरांचा अभ्यास संपत नाही. पेट्रोलची घ्यावी तर खर्च अन् धूर. सीएनजीची घ्यावी तर पंपावर रांग. बॅटरीची चांगली, पण चार्ज व्हायला तासन् तास, अन् आपल्याकडं लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही.

"मंग घ्याची तरी कोन्ती?" मी विचारायची.

"हायड्रोजनची. पाच मिनिटांत टाकी फुल. धूर नाई, वास नाई, मांगून निस्तं पानी पडते."

"मंग घेऊन टाका ना."

"इकडं तिचा पंपच नाई ना अजून. थांबू."

(हे पंपाचं वाक्य मी नीट ऐकलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मी कणीक मळत होते.)

माझी हायड्रोजनशी ओळख एवढीच, की लग्नानंतर पहिल्याच वर्षी मास्तरांनी शाळेत काचेच्या भांड्यात तो गॅस तयार केला, पोरांना दाखवायला काडी लावली, फट् झालं, आणि संध्याकाळी घरी आले ते एकाच भुवईनं.

तर आमची एकुलती एक लेक वैशू, तिला सातवा महिना. डोहाळजेवणासाठी जवाईबुवा तिला अकोल्याहून नव्या कोऱ्या गाडीतून आणणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी केळझरच्या गणपतीचं दर्शन, दुपारी जेवण, असा बेत. मास्तर फळं आणायला वर्ध्याला गेलेले. मी तबक घेऊन फाटकात उभी. गाडी आली, म्हणजे मांजर येतं तशी आली. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. नंबरची पाटीसुद्धा जगावेगळी, हिरवी. मी कौतुकानं पुढं झाले, खाली बघते तर गाडीच्या पोटाखालून पाणी टपटपत होतं.

हातात पेटती ज्योत, समोर हायड्रोजन, आणि आत सात महिन्यांची पोटुशी माझी लेक. जवाईबुवांनी हसत कपाळ पुढं केलं, आणि मी फू केलं.

धूर त्यांच्या डोळ्यांत गेला.

"हे काय केलं वं आई?" वैशू गाडीतून उतरता उतरता म्हणाली.

"वारं सुटलं होतं."

झाडाचं पान हलत नव्हतं. मग मी दिवाळीतला सेलवरचा दिवा आणला आणि त्यानं ओवाळलं. तो दिवा लाल-हिरवा लुकलुकतो. जवाईबुवाही लाल-हिरवे होत उभे राहिले. वैशू रागानं आत जाऊन पडली.

"आई, गाडी लावाची हाय. कुठी लावू?" जवाईबुवांनी विचारलं.

"लावा ना. त्या चिंचेखाली लावा."

चिंच आमच्या घरापासून शंभर पावलांवर, मोकळ्या मैदानाच्या कडेला. जवाईबुवा तिथं गेले, झाडाभोवती फिरले, खोडाला हात लावून वरखाली पाहून आले.

"आई, तिथं तं काहीच नाई."

"म्हनूनच तिथं लावा."

"नाई, मी म्हनतो अंगनात, भिंतीजवळ..."

"भिंतीजवळ तं बिलकुल नोका."

सासूपुढं जावई काय बोलणार? गेले बिचारे चिंचेखाली. तेवढ्यात शेजारचे सुदामभाऊ (त्यांचा भाजीचा टेम्पो आहे) नवी गाडी बघायला आले. तोंडात बिडी. मी बादली घेऊन धावले.

"भाऊ, बिडी फेका!"

"काऊन, वयनी?"

"फेका म्हनते ना."

त्यांनी फेकली, ती नेमकी चाकापाशी. मी अख्खी बादली ओतली. बिडी विझली आणि जवाईबुवांचे नवे बूट भिजले.

त्यानंतर जवाईबुवा डोकं दुखतं म्हणून जे पडले, ते मास्तर आले तरी उठले नाहीत. वैशू स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "आई, ते इचारून राह्यले, माह्यावर काई राग हाय का तुह्या आईचा? उद्या दर्शन झालं का वापस जातो म्हनतात, जेवनाले थांबत नाई." तिचे डोळे भरले होते. काय सांगू तिला? तुझ्या नवऱ्यानं एवढ्या हौसेनं घेतलेली गाडी फुटणार आहे म्हणून? सांगावं तर जावई जातो, न सांगावं तर लेक जाते. मी मनातल्या मनात केळझरच्या बाप्पाला मोदक वाढवत राहिले. एकवीसचे एक्कावन्न झाले.

सकाळी जवाईबुवा चिंचेकडून पायीच परत आले.

"मामंजी, चारच टक्के हाय. केळझरापावतर नाई पोचत."

"मंग रातभर लावली काऊन नाई?" मास्तर म्हणाले.

"आई म्हने चिंचेखाली लावा."

मास्तर माझ्याकडं वळले. "चिंचेले बटन हाय का आपल्या?"

"गाडी लावाले बटन कायले पाह्यजे?"

"अवं, बॅटरीची गाडी हाय. लावनं म्हंजे चार्जिंगले लावनं!"

"मंग ते पानी?"

"कोन्तं पानी?"

"गाडीखालून पडत होतं ते. तुमच्या हायड्रोजनचं."

मास्तरांनी डोक्याला हात लावला. "ते एसीचं पानी असते. अन् हायड्रोजनचा पंप नाई इकडं कुठी, तं गाडी अकोल्याहून काय फुंकर मारत आली?"

फुंकर म्हटल्याबरोबर जवाईबुवांना निरांजन आठवलं, मग बादली आठवली, आणि ते पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी माफी मागायला गेले तर म्हणाले, "राहू द्या आई. जेवूनच जातो."

मास्तरांनी खिडकीतून वायर काढून गाडी भिंतीजवळ लावली. ती भरायला दिवस लागणार होता. म्हणून माझी सात महिन्यांची पोटुशी लेक, जिला मी त्या मऊमऊ गाडीपासून वाचवत होते, ती सुदामभाऊंच्या टेम्पोत पुढं बसून केळझरला गेली. मागं वांग्यांच्या क्रेटवर मी, मास्तर आणि जवाईबुवा. डिझेलचा धूर सगळा आमच्याकडं. सुदामभाऊ वाटेत दोन बिड्या प्यायले. बादली मी घरीच ठेवली होती.

संध्याकाळी जवाईबुवा परत निघाले. वैशू बाळंतपणाला माझ्याकडंच राहणार होती. मी अंगणात निरांजन लावून गाडीला आणि त्यांना नीट ओवाळलं. त्यांनी आधीच ज्योतीला हाताचा आडोसा धरला होता. ते बघून मला हसू आलं आणि लगेच रडू फुटलं.

"जवाईबुवा," मास्तर म्हणाले, "मी आता गाडीसाठी थांबत नाई. हायड्रोजनची घरीच हाय. जराशी ठिनगी पडली का भडकते, अन् मांगून निस्तं पानी."

मी पदरानं डोळे पुसले आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. मास्तर चटकन दोन पावलं मागं सरकले, दोन्ही भुवयांवर हात ठेवून.