अनसूयाकाकूंची भिंत

घर भाड्यानं देताना भरवसा कोणावर ठेवावा, सांगा बरं? मालकाच्या आठवणीवर, का भाडेकरूच्या शब्दावर? मी म्हणतो, दोन्हीवर नको! मालकाला न दिलेल्या वस्तू आठवतात आणि भाडेकरूला दिलेल्या आठवत नाहीत.

चिखलीत माझं कड्या-कोयंडे, बिजागऱ्या नि खिळ्यांचं दुकान. महाराष्ट्र झाला, नवी ऑफिसं उघडली, आणि बदलीवर आलेल्या बाबू-मास्तरांना खोल्या पुरेनात. खोली सोडताना भांडण ठरलेलं. मग दोघंही माझ्याकडे यायचे, "शेठ, तुम्हीच पाहा!" मी जायचो, दारं-खिडक्या हलवून, भिंती ठोकून पाहायचो, लिस्ट करायचो, दोघांच्या सह्या घ्यायचो. बिऱ्हाड हलताना तीच लिस्ट घेऊन पुन्हा फेरी.

दुकानात सुटे खिळे एका डब्यात साचतात ना, तसे हे किस्से साचलेत. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही, पण फेकवत नाहीत.

*

सुरुवात गुलाबरावांपासून झाली. त्यांचा भाडेकरू खोली सोडत होता आणि हे अंगणात उभे राहून ओरडत होते, "आतली कडी चोरून नेली यानं!" भाडेकरू म्हणे, कडी नव्हतीच.

मी दार पाहिलं. कडी काढली तर खिळ्यांची भोकं तरी राहतील! दार आतून सपाट. एक भोक नाही.

गुलाबरावांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मंग याच खोलीत मी इतके वर्सं कोणती कडी लावून झोपत होतो बे?"

*

पण खरी धास्ती मला एका भिंतीची होती.

विधवा अनसूयाकाकू भावाकडे उंद्रीला राहायला निघाल्या. घर देशपांडे बाबूंना दिलं. लिस्ट करताना काकूंनी मला माजघरातल्या भिंतीपुढं उभं केलं. भिंतीवर हळदीचे दोन पंजे. त्यांच्या एकुलत्या लेकीनं, शांतानं, सासरी निघताना उमटवलेले. उजवी करंगळी जराशी वाकडी, लहानपणी दारात चेंगरली होती म्हणून. पोर पहिल्याच बाळंतपणात गेली.

"भाऊ, बाकी सारं तुटलं-फुटलं तरी चालीन," काकू म्हणाल्या. "हे नाही."

मी ते पहिल्या ओळीत लिहिलं. देशपांड्यांनी सही केली. आणि वरून मी बोलून बसलो, "काकू, भिंतीची जबाबदारी माझी!"

बोलायला काय जातं? पुढं दर दिवाळीला गावात चुना भिजू लागला, की मला तीच भिंत आठवायची!

*

भिंतीवरून आठवलं. एक मास्तर होते, भारी भित्रे. त्यांच्या खोलीच्या भिंतीला तडा. तडा जिथं संपतो तिथं ते पेन्सिलीनं खूण करायचे, आणि दुकानात यायचे. "शेठ, बोटभर पुढं सरकला हो!"

मालक हसायचा. "मास्तर, भिंतीले काय पाय हायेत का?"

श्रावणात झड लागली. मी जाऊन भिंत ठोकली. आवाज पोकळ! म्हटलं, "मास्तर, आत्ताच्या आत्ता बिऱ्हाड हलवा." त्यांचा संसार माझ्या गोदामात आणून टाकला, आणि दोनच दिवसांत भिंत बसली. त्या जागी मास्तरांची पोरं झोपायची. मी ढिगारा पाहत उभा होतो.

तेवढ्यात मालक लिस्ट घेऊन हजर! "शेठ, यात चार भिंती लिहून हायेत. मास्तरले सांगा, चवथी वापस द्या!"

*

पिंपळगाव राजा गावच्या एका मालकाचं घर होतं इथं. छपराचे कवेलू, म्हणजे कौलं, फुटले होते. भाडेकरू म्हणाला, माकडांनी फोडले.

"माकडं? माह्या घरावर? एक तरी दाखवा!"

मी शिडीवर चढलो होतो. माझ्या डोक्यावरूनच एक दांडगा वानर धपकन छपरावर उतरला, आणि दोन कवेलू मालकाच्या पायाशी! मी शिडीला मिठी मारून देवाचं नाव घेतोय, आणि मालक वानराकडे पाहतो, मग भाडेकरूकडे पाहतो.

"असं का? पाळलेलं दिसते!"

*

शेवटी देशपांडे बाबूंची बदली झाली, मेहकरला. काकूंना निरोप गेला. त्या एस.टी.नं येणार होत्या. मी आधीच घर गाठलं.

देशपांडे वहिनी दारातच म्हणाल्या, "शेठ, आधी चहा घ्या ना."

चहा कसला! मी थेट माजघरात. भिंतीवर दोन पंजे, पिवळेधम्मक. हुश्श झालं. मग नजर करंगळीवर गेली.

करंगळी सरळ होती!

"मी दौऱ्यावर होतो हो," देशपांडे हळूच म्हणाले. "दिवाळीत चुना मारणाऱ्यानं ती भिंतही मारून टाकली. शेठ, काकूंना सांगू नका. त्यांना सोसायचं नाही."

मागं त्यांची मुलगी विमल उभी होती. लग्नाच्या वयाची पोर. दोन्ही हात पाठीशी.

सांगावं तर म्हातारी कोसळेल, न सांगावं तर माझी लिस्ट खोटी. काय करावं सुचेना, तोच अंगणातून काकूंची हाक. "भाऊ, आले का तुमी?"

काकू आल्या त्या भिंतीशीच गेल्या. डाव्या पंजावर तळवा ठेवला. मग उजव्यावर. करंगळीपाशी बोट थांबलं.

"कोणाचे हात हायेत हे?"

मी देशपांड्यांकडे पाहिलं. विमलनंच हात पुढं केले. नखांत हळद होती. काकूंनी तिचा हात हातात घेतला, एकेक बोट सरळ करून पाहिलं.

"लगन जमलं का वं तुवं?"

"नाही, काकू."

"मंग हळदीत हात काऊन बुडवले?"

"तुम्ही आल्यावर..." विमल भिंतीकडे पाहत म्हणाली. "तुम्हाला भिंत कोरी दिसली असती."

काकू तिथंच खाली बसल्या. पोरीचा हात काही सोडला नाही. मी लिस्ट उघडली.

"काकू, पहिल्या ओळीत काय लिहू?"

"काय म्हंजे? जे हाय ते लिहा. माह्या शांताचे दोन हात चुन्याखाली हायेत, या पोरीचे दोन वरतं. चार झाले." पदरानं डोळे पुसून त्या माझ्याकडे वळल्या. "हिसाब इमानानं ठेवजा, भाऊ. एकही हात कमी लिहू नोका."