वहिनींची देवदाराची काडी

तुमच्या शाळेच्या मैदानातल्या उंच झाडाचा फोटो मिळाला. खोडावरच्या पाटीचं नावही मोठं करून वाचता आलं. तो देवदार आहे. "आजी, हे झाड तुमच्याकडे असतं का?" या प्रश्नाचं छोटं उत्तर, नाही. ठाण्याचा उकाडा त्याला सोसत नाही. तो हिमालयातला, थंडीत वाढणारा, सुयांसारख्या पानांचा आणि बारा महिने हिरवा. मी तो उभा असलेला एकदाच पाहिला, ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत. शेंडा बघायला मान मागे टाकली आणि टोपी दरीत गेली.

मात्र लाकडाचे तुकडे होऊन तो आमच्या घरात माझ्या लग्नापासून आहे. मोठं उत्तर त्याबद्दल आहे, आणि त्यात गेल्या महिन्यात माझ्या हातून झालेली एक चूक येते. तुमची आई ती तुम्हाला तिच्या पद्धतीने सांगेलच, त्याआधी माझी बाजू ऐका.

आपल्याकडे बाई बाळंत झाली की तिला काही दिवस सकाळी एक काढा देतात. त्यात सुंठ, पिंपळी, नागरमोथा, धने, गुळवेल, किराईत अशी बरीच मंडळी असतात, पण मुख्य मान देवदाराचा. त्याच्या पिवळसर तपकिरी गाभ्यात तेल असतं आणि वास पेन्सिलीला टोक करताना येतो तसा. वातावर, अंगदुखीवर, बाळंतिणीच्या कसरीवर, म्हणजे अंगातल्या बारीक तापावर, तो चांगला, असं वैद्य सांगत आले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे कशाने काय बरं होतं याची खात्री मी देत नाही. एवढं सांगते की आमच्या घरातल्या चार बाळंतिणी तो प्यायल्या, त्यांत मीही होते, आणि तो कडू असतो याबद्दल आमच्यात एकमत आहे.

हा काढा करायचा मान माझ्या मोठ्या जावेचा. त्या डोंबिवलीला राहतात, वयाने माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला मास्तरीण. लग्न होऊन मी कल्याणच्या घरी आले तेव्हा सासूबाई काढा करायच्या, त्यांच्यानंतर वहिनी. मला कुणी विचारलंही नाही. इंग्रजी शाळेत शिकलेल्या सुनेने काढा करावा असं कुणाला वाटलं नव्हतं, मलाही नाही.

गेल्या महिन्यात वहिनींच्या नातसुनेला मुलगी झाली, म्हणजे तुम्हाला एक नवी पुतणी. आणि वहिनींचा नातू दुकानातून तयार काढ्याची बाटली घेऊन आला. त्यामागे कारण होतं. वर्षभरापूर्वी शेजारच्या मुलीसाठी केलेला काढा वहिनींकडून तळाला लागला होता. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सगळ्यांना माहीत आहे, त्या मान्य करत नाहीत. नातू सहा महिने ऑपरेशनचं म्हणतोय, त्या विषय बदलतात.

वहिनींचा फोन आला. "मास्तरीण, चार दिवस ये. मुलांनी बाटली आणून ठेवलीय. एकदा ती उघडली की मला त्या ओट्यापाशी कुणी उभं करायचं नाही."

"मी करून देऊ का काढा?" मी विचारलं.

"तू बघायला ये म्हटलं. करायला नाही."

मी ठाण्याच्या वर्तकनगरहून पिशवी भरून निघाले. पोचल्यावर कळलं की नातसुनेने काढ्यातल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरीणबाईंना दाखवली होती. त्यांनी दोन नावं खोडली, बाकीच्यांना हरकत घेतली नाही, आणि ताप आला तर काढा न घेता आधी फोन करायचा असं बजावलं. हे मला पसंत पडलं.

नातवाने अट घातली होती. "एक दिवस तू कर, आजी. जमलं तर बाटली परत करतो. लागला तर मग बाटली. डील?"

"डील," वहिनी म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

त्या दुपारी वहिनी आडव्या झाल्या आणि मी कामाला लागले. कल्याणच्या काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेल्या पुड्या एका डब्यात कशाही कोंबलेल्या होत्या. मला असं काही दिसलं की हात शिवशिवतात. मी वर्तमानपत्र पसरलं, पुड्या मांडल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली आणि एकेक जिन्नस तोलून खलबत्त्यात कुटून भरड केली. देवदाराचे तुकडे भलतेच टणक होते. पण त्याच पुडीत एक वीतभर लांब, करंगळीएवढा जाड, जुना काळपट तुकडा होता. त्याच्या खालच्या अंगाला एक खाच होती. तिथून तो कट्कन मोडला. मला बरं वाटलं. तोच कुटून वजन पुरं केलं, आणि संध्याकाळी सगळी भरड वहिनींच्या पितळी पातेल्यात आठ वाट्या पाण्यात भिजत घातली.

सकाळी वहिनी अंघोळ करून ओट्यापाशी आल्या. गॅस पेटवण्याआधी त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "काडी दे."

"काड्यापेटी? लायटर आहे ना."

"मापाची काडी गं. देवदाराच्या पुडीत ठेवलीय. खाच आहे बघ तिला."

मी पातेल्याकडे पाहिलं. वहिनींना माझा चेहरा दिसला नसेल, पण मी गप्प बसले हे त्यांना ऐकू आलं.

"मास्तरीण, काय केलंस?"

"कुटली."

त्यांनी पातेल्यात हात घातला, भरड चाचपली आणि एक काळी ढलपी बाहेर काढून अंगठ्याने घासली. "सासूबाईंनी केली होती," त्या म्हणाल्या. "चार बाळंतपणं हिच्यावर झाली. आता पाचवीला पाजायची."

खोलीतून नातसून म्हणाली, "आजी, सीरियसली? मी काठी पिणार आहे?"

"देवदारच आहे. जुना आहे एवढंच," मी म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या.

मग त्यांनी मला हळूच सांगितलं, आणि मला काडीचं काम कळलं. आठ वाट्यांचं आटवून एक वाटी करायचं असतं. ती एक वाटी कुठे येते ते खाच सांगते. काडी पातेल्यात तळापर्यंत उभी बुडवायची, बाहेर काढायची आणि अंगठा वरून खाली आणायचा. ओल खाचेपाशी सुरू झाली की काढा झाला. बघावं लागत नाही.

"मागच्या वेळी काडी सापडली नाही," त्या म्हणाल्या. "नजरेने अंदाज घेतला. मला आतलं काही दिसत नाही गं. तळ दिसत नाही, काढा दिसत नाही. नुसता अंधार दिसतो."

इतक्या महिन्यांत हे त्या पहिल्यांदा बोलल्या, तेही मी त्यांची काडी कुटल्यामुळे.

मी म्हटलं, "वहिनी, काडी मी मोडली, मीच करून देते. वाटी तीच आहे, पातेलं तेच आहे. यात अवघड काही नाही." पुडीत देवदाराचा एक लांब तुकडा उरला होता. तो मी सुरीने तासून सरळ केला. भिजवलेलं सगळं दुसऱ्या भांड्यात काढलं, पितळी पातेलं पुसलं, त्यात मोजून एक वाटी पाणी ओतलं, काडी उभी धरली आणि ओल आली तिथे पेन्सिलीने खूण केली. शाळेत मी हे हजार वेळा शिकवलं असेल.

"झालं?" वहिनींनी विचारलं.

"झालं. इथे खाच करते."

"आणि भरड कुठे बसणार? तुझ्या डोक्यावर?"

मी थांबले. बरोबर होतं. आटताना भरड पातेल्यातच असते आणि जागा घेते. नुसत्या पाण्याच्या मापाने काढा एक वाटीच्या खाली गेला असता आणि लागला असता. मी निथळलेली भरड त्या वाटीभर पाण्यात घातली आणि पुन्हा काडी बुडवली. ओल बोटभर वर आली.

"आता कर," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नको. सुरी इकडे दे." खाच त्यांनी स्वतः पाडली, मी फक्त जागा धरून ठेवली.

पातेलं पुन्हा भरून मंद आचेवर चढवलं. वास घरभर पसरला, आधी लाकडाचा, मग सुंठीचा. वहिनी दर थोड्या वेळाने आच बंद करून काडी पुसून बुडवायच्या, अंगठा फिरवायच्या आणि पुन्हा गॅस पेटवायच्या. नातू ऑफिसचं काम घरून करत होता, तो कानात यंत्र लावूनच दोनदा डोकावून गेला. मला राहवेना. मी पातेल्यात वाकून म्हटलं, "वहिनी, झालाय. उतरवा."

"नाही झाला."

"मला दिसतंय."

"तुला दिसतंय, मला कळतंय. गप्प उभी राहा."

अजून दोनदा काडी बुडली. तिसऱ्यांदा अंगठा थांबला आणि त्यांनी गॅस बंद केला. काढा फडक्यातून वाटीत गाळला. वाटी काठोकाठ भरली, एक थेंबही सांडला नाही. नातवाने कानातलं यंत्र काढलं, वाटीकडे पाहिलं आणि कपाटातून बाटली आणून ओट्यावर ठेवली.

नातसून नाक धरून अर्धा काढा प्यायली, श्वास घेतला, उरलेला प्यायली. "भयंकर आहे," ती म्हणाली.

"जमलाय," वहिनी म्हणाल्या.

"मी ही परत देऊन येतो," नातू म्हणाला.

वहिनींनी बाटलीवर हात ठेवला. "राहू दे. मी दोन दिवस ओट्यापाशी नसेन तेव्हा लागेल."

"का? कुठे चाललीस?"

"तूच नेणारेस ना? डोळ्याला."

तो एवढा गोंधळला की त्याने आधी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठ्या गोळा करत होते.

ऑपरेशन पंधरा दिवसांनी झालं. एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं पुढे. त्या दोन दिवसांत नातसून बाटलीतला काढा प्यायली, आणि तिने मला फोन करून हळू आवाजात सांगितलं की तो बराच गोड लागतो, पण हे आजींना सांगू नका. मी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका. परवा व्हिडिओ कॉलवर त्या काडी दाखवतील, तेव्हा खाच कुणी पाडली ते जरूर विचारा. आणि मी काय केलं होतं ते त्या सांगू लागल्या की पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवा.